साडेचार बोटांचा पंजा

सुतार मास्तरांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. लहानपणी ते वडिलांच्या वाकसाखाली सापडलं. वडील छकडे आणि गाड्या करणारे नावाजलेले सुतार. त्यांनी आधी वाकसाची धार बिघडली नाही ना ते बघितलं आणि मग पोराकडं बघितलं, असं मास्तर हसत सांगायचे. दरसाल नव्या वर्गाचं लक्ष पहिल्या दिवशी फळ्याऐवजी त्या बोटाकडंच असायचं. मास्तर हात वर करायचे, पंजा उलटसुलट करून सगळ्यांना दाखवायचे आणि म्हणायचे, "बघून घ्या पोटभर. झालं बघून? आता पेन्सिली काढा." त्यानंतर वर्षभर बोटाचा विषय निघत नसे.

ते आमच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि मी इतिहास. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, जुने शिरस्ते मोडले होते आणि नवे अजून बसले नव्हते, अशा दिवसांत मी मिरजेहून कोल्हापुरात नोकरीला आलो. राहायला खोली मिळाली ती मास्तरांच्या घराला लागूनच. त्यामुळं शाळेत मास्तर, घरी मास्तर आणि रविवारी शर्यतीच्या माळावरही मास्तर, असे माझे कोल्हापुरातले दिवस गेले. तक्रार म्हणून सांगत नाही. चांगले गेले.

त्यांचा तास मी कितीदा तरी खिडकीतून ऐकलाय. वर्गाच्या मधोमध एक टेबल ठेवायचं आणि मुलांना म्हणायचं, काढा. मुलं टेबलाला इमानेइतबारे चार पाय काढत. मास्तर एकाची वही उचलत.

"पाय किती दिसत्यात तुला?"

"तीन, सर."

"मग चौथा कुठनं आणलास?"

"असतोच की, सर. नसता तर टेबल पडलं नसतं का?"

"त्ये मलाबी ठाऊक हाय. पर ठाऊक हाय त्ये काढायचं न्हाय. दिसतंय त्ये काढायचं."

हे वाक्य त्यांना दिवसभर पुरायचं. भाजीवाली म्हणाली, वांगी ताजी हायत, की हे म्हणायचे, "दिसंनात." शिक्षकांच्या खोलीत कुणी बातमी आणली, हेडमास्तर आज तापलेत, की यांचा प्रश्न, "तू बघितलंस का ऐकलंस?" माझ्या विषयाची तर ते मनसोक्त टर उडवत. "कुलकर्णी, तुमचं समदंच ऐकीव. एक तरी लढाई बघितलीसा व्हय?" मी म्हणायचो, मास्तर, मी तेव्हा जन्मलो नव्हतो. "मग जन्मल्यापासनंचं तरी शिकवा की." आणि पान लावायला बसायचे.

पण त्यांचं खरं राज्य रविवारी सुरू व्हायचं. आमच्याकडं तेव्हा घोड्यांच्या छकड्यांच्या शर्यतीचं भारी वेड होतं. छकडा म्हणजे दोन चाकं, वर एक फळी आणि तिच्यावर उकिडवा बसलेला गाडीवान. व्यापाऱ्यांचे छकडे असत, शेतकऱ्यांचे असत आणि आठवडाभर स्टेशनवर भाडी मारणाऱ्या टांगेवाल्यांचेही असत. गावापासून सुटायचं, लांब माळावर रोवलेल्या झेंड्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. पहिला येईल त्याला मानाचं निशाण. सुटायच्या जागी जत्रा भरलेली असायची, हलगी वाजत असायची, झाडावर माणसं चढलेली असायची. लांबच्या वळणावर मात्र कुत्रंही नसायचं. आणि लबाडी करायची तर तिथंच. झेंड्यापर्यंत जायचंच नाही, अलीकडंच ओढ्याच्या आडोशाला गाडी फिरवायची आणि धूळ उडवत पहिलं यायचं.

म्हणून संस्थानच्या काळापासून एक रिवाज होता. वळणावर एक पंच उभा असायचा. गाडी झेंड्यापाशी आली की गाडीवान घोडं अगदी पावलांवर आणायचा, पंच आपला हात कावेच्या लाल पाण्यात बुडवून छकड्याच्या मागच्या फळीवर पंजा मारायचा, आणि मग गाडी पुन्हा सुटायची. सगळेच हळू करायचे, त्यामुळं कुणाचं नुकसान नव्हतं. परत आल्यावर फळीवर पंजा दिसला तर गाडी पुरी धावली. तो पंच म्हणजे आमचे सुतार मास्तर. पाच बोटांचा पंजा काय, कुणीही वाटेत थांबून मारून घेईल. साडेचार बोटांचा पंजा साऱ्या मुलखात एकच होता.

काव ते स्वतः भिजवायचे. पितळेच्या तपेलीत काव, पाणी आणि थोडा डिंक, म्हणजे घामानं आणि धुळीनं रंग जाऊ नये. तो डिंक मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या मुळावर आला होता. घरातल्या दारांवर, मडक्यावर, मास्तरांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशावर लाल बोटं उमटलेली होती. "ह्यांच्या नोकरीचा पगार साबणाला जातोय," असं वहिनी मला ऐकवायच्या. दर रविवारी मी मास्तरांबरोबर निघालो की दारातून सांगायच्या, "भावजी, सदऱ्यावर ध्यान ठेवा." मी ध्यान ठेवायचो, पण त्याचा उपयोग कधी झाला नाही.

मला त्या वळणावर उभं राहायला आवडायचं. बाभळीची दोन झाडं, झेंडा, तपेली आणि आम्ही दोघं. लांबून धूळ दिसायची, मग घोड्यांचे श्वास ऐकू यायचे, मग क्षणभर गडबड, चारदोन शिव्या, फटाफटा पंजे, आणि पुन्हा सगळं शांत. शर्यत कुणी जिंकली ते आम्हाला सगळ्यात शेवटी कळायचं. मास्तरांना त्याचं काहीच वाटायचं नाही. हात धोतराला पुसत ते घराकडं चालू लागायचे.

या सगळ्या शर्यती तेव्हा एकच कमिटी भरवायची, आणि तिचे दोन खांब म्हणजे आबासाहेब आणि नानासाहेब. आबासाहेबांची गुळाची अडत होती, नानासाहेबांच्या लॉऱ्या होत्या. दोघांचेही छकडे, दोघांचीही घोडी उंची, आणि दोघं एकमेकांचे सख्खे साडू. सासऱ्यांनी दिवाळसणाला एकाला जास्त जरीचा फेटा दिला होता म्हणे. तेव्हापासून चुरस. तो कुणाला मिळाला, हे दोघंही वेगवेगळं सांगायचे. पण शर्यतीपुरते एकत्र बसायचे आणि सुपारी एकाच पानपुड्यातली खायचे.

ते फाटलं उचगावच्या शर्यतीत.

त्या वर्षी आबासाहेबांनी हौसेनं छकड्याच्या मागं मखमलीचा पडदा लावला होता, त्यावर जरीनं पेढीचं नाव. मागून येणाऱ्यांनी वाचत यावं, ही त्यातली गोम. गाडी झेंड्याशी पहिली आली. मास्तरांनी पंजा मारला तो अर्थातच मखमलीवर. परतीच्या वाटेवर बाभळीच्या काट्यात पडदा अडकला, टरकन फाटला आणि कुठं उडाला देव जाणे. गाडी पहिली आली, पण तिच्या मागची फळी कोरी. दुसरी गाडी नानासाहेबांची. तिच्या फळीवर साडेचार बोटं ठसठशीत.

आम्ही वळणावरून चालत पोहोचलो तेव्हा भांडण जुंपलेलं होतं. आबासाहेबांनी मास्तरांना बघितलं आणि त्यांच्या जिवात जीव आला.

"मास्तर, देवाशपथ सांगा. माझी गाडी वळली का न्हाय?"

"वळली की. पैली वळली. म्या ह्या हातानं पंजा मारला."

"झालं तर. हाणा रं हलगी."

"थांबा," मास्तर म्हणाले. "फळीवर पंजा दिसंना."

"अवो, तुमीच मारला म्हणतासा न्हवं?"

"मला ठाऊक हाय. पर दिसत न्हाय. आज माज्या शब्दावर शर्यत घ्याल. उद्या वळणावर दुसरा कोण हुबा ऱ्हाईल, त्येच्या शब्दावर घ्याल. मग पंजा कशाला मारायचा? पंजा न्हाय म्हंजे न्हाय."

आबासाहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. रागापेक्षा त्यावर नवलच जास्त होतं. "मी तुमच्या शब्दाला मान देतोय," ते हळू म्हणाले, "आन् तुमीच देईनासा?" आणि फेटा सावरत निघून गेले. निशाण नानासाहेबांना मिळालं. ती मखमल पुढं एका धनगराच्या पालात कोकराखाली अंथरलेली सापडली म्हणतात, पण ते ऐकीव आहे.

त्या संध्याकाळी मास्तर ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. "कुलकर्णी, चुकलं का वो माजं?" मी म्हटलं, नाही. "हे तुमाला ठाऊक हाय का दिसतंय?" खरं सांगायचं तर मला तेव्हा आबासाहेबांचीच बाजू पटत होती. समोर उभा माणूस खरं बोलतोय हे सगळ्यांना माहीत असताना रंगाच्या ठशासाठी अडून बसायचं, हा मला हट्ट वाटला होता.

महिन्याच्या आत आबासाहेबांनी वेगळी चूल मांडली. 'करवीर इलाखा अस्सल छकडा शर्यत नियामक मंडळ' अशी पाटी अडतीच्या वर लागली. नानासाहेबांनी लगेच जुन्या कमिटीचं नाव बदलून 'समस्त करवीर छकडा शर्यत महामंडळ' केलं, म्हणजे पाटी लांबीला कमी पडू नये. लोक आपले जुनं मंडळ, नवं मंडळ म्हणत. दोघांनी शिक्के केले, गाडीवानांना पितळेचे बिल्ले केले, आणि एकच शहाणपणाचा नियम दोघांनीही केला: जो त्यांच्यात पळेल त्याला आमच्यात बंदी. दोन्ही मंडळं हटकून एकाच रविवारी दोन गावांत शर्यत ठेवत. घोडी वाटली गेली, माणसं वाटली गेली, हलगीवाल्यांची मात्र चैन झाली.

आणि मास्तरांनी वळणावर जायचं सोडलं. एका मंडळाला पंजा द्यायचा म्हणजे दुसऱ्याच्या गाड्या खोट्या ठरवायच्या, ते त्यांना नको होतं. मग नव्या मंडळानं वळणावर शिट्टी फुंकणारा एक माणूस ठेवला. तो सांगेल ते खरं. जुन्या मंडळानं रिवाज चालवायचा म्हणून पाच बोटांच्या एका गड्याला काव देऊन उभं केलं. पहिल्याच शर्यतीत सगळ्या गाड्या पंजा घेऊन आल्या, जी सुटतानाच चाक निखळून बसली होती तिच्याही फळीवर पंजा होता. त्यानंतर जुन्या मंडळानंही शिट्टी घेतली. शिट्टीसाठी कुणाला थांबावं लागत नाही. गाड्या झेंड्याला सुसाट वळू लागल्या आणि लोक म्हणू लागले, शर्यतीला आता खरा वेग आला.

या सगळ्यात भरडला गेला तो इसाक टांगेवाला. इसाक आमच्याच गल्लीच्या तोंडाशी टांगा लावायचा. घोडीचं नाव चिमणी. दिवसभर ती स्टेशन ते भवानी मंडप करायची आणि रविवारी छकड्याला जुंपली की तिला वेगळंच वारं लागायचं. इसाकच्या वडिलांनी एकदा निशाण आणलं होतं, ते त्याच्या तबेल्यात भिंतीला होतं. त्याच्या शेजारी आपलं एक लावायचं, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. पहिला तो बरेचदा येता येता राहिला होता. चिमणीचं वय वाढत चाललं होतं. मंडळं फुटल्यावर तो एका रविवारी नव्याकडं पळाला आणि पुढच्या रविवारी जुन्याकडं. कुणाचा बिल्ला कुणाच्या खिशात हे बघायची अक्कल त्याला नव्हती. दोन्ही मंडळांनी त्याला काढून टाकलं. या एका बाबतीत दोन्ही साडूंचं एकमत झालं.

"मी काय मंडळात पळतोय व्हय, मास्तर?" तो ओट्यापाशी उभा राहून म्हणाला. "मी रस्त्यावर पळतोय. रस्ता काय त्येंच्या बाचा हाय?"

मास्तरांनी पानाचा डबा पुढं ओढला. मग म्हणाले, "इसाक, हे माज्यामुळं झालं बग."

"तुमच्यामुळं कसं?"

"त्या दिवशी गप बसलो असतो तर आज तू पळत असतास."

"तुमी गप बसला असतासा," इसाक म्हणाला, "तर तुमचा पंजा कोण इचारणार हुतं? आमच्यात मोहरमला पंजं बसत्यात. त्येला खोटं करून चालत न्हाय." आणि चाबूक खांद्यावर टाकून निघून गेला. मास्तरांना त्यानं बरं वाटलं की आणखी वाईट, ते मला कळलं नाही. त्यांनी पान लावलं, पण खाल्लं नाही.

अशी तीनचार वर्षं गेली असतील. मास्तर रविवारी घरीच असायचे. सदरे पांढरे राहू लागले, तर वहिनीच अस्वस्थ. एकदा मला हळूच म्हणाल्या, "भावजी, तपेली घासून ठेवलीया, पर ह्ये बघतसुदीक न्हाईत. एकदा घेऊन जावा की कुठं." मी कुठं नेणार होतो?

मधूनमधून दोन्ही मंडळांची माणसं यायची. एकदा तर दोघे साडू एकाच दुपारी येऊन थडकले. एक जाजमाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. वहिनींनी चहा आणला, तर आबासाहेब म्हणाले, आधी त्यांना द्या, आणि नानासाहेब म्हणाले, आधी त्यांना. वहिनींनी बशी मधोमध ठेवली. "एका सासूचं जावई," त्या म्हणाल्या, "आन् च्यासाठीबी पंच लागतोय." दोघंही खाली बघून चहा प्याले. दोघांचंही मागणं एकच होतं: मास्तरांनी आमच्याकडं यावं. मास्तरांचं उत्तरही एकच होतं. "दोगांच्या गाड्या एका रेघंवर हुब्या करा, मी येतो. आन् रेघंवर इसाकची गाडी पायजे." नानासाहेब म्हणाले, बघू. आबासाहेबही म्हणाले, बघू. दोघं दारातून एकदमच निघाले आणि उंबऱ्यात एकमेकांना वाट देत थोडा वेळ अडकून पडले.

शेवटी वळवलं ते गडमुडशिंगीच्या लोकांनी. त्यांच्या जत्रेची शर्यत मोठी. दोन्ही मंडळांनी तीच तारीख मागितली. गावातले चार जाणते एकत्र बसले आणि त्यांनी निरोप धाडला: शर्यत एकच होईल, न्हायतर माळावर नांगर घालतो. पंजा सुतार मास्तरांचाच पायजे. शिट्टी ज्येची त्येनं घरी वाजवावी.

दोन्ही मंडळांची सभा भरली आणि मास्तरांच्या अटीप्रमाणं इसाकवरची बंदी उठवली गेली. गाड्या कोणत्या क्रमानं उभ्या करायच्या, निशाण कुणाच्या हातून द्यायचं, फेटे कुणाला बांधायचे, पाटीवर कुणाचं नाव वर, सगळं ठरलं. पाटीवर तर दोन्ही नावं एकाच उंचीवर लिहायची म्हणून रंगाऱ्यानं दोरी धरून आखणी केली. वळणावर घोडं हळू करायचं, एवढं मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

त्या रविवारी मास्तरांनी नवा सदरा घातला. वहिनींनी यावेळी सदऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आम्ही झेंड्याशी जाऊन उभे राहिलो. ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. मास्तरांनी तपेलीतली काव ढवळली, हात बुडवून बाभळीच्या बुंध्यावर एक पंजा मारून बघितला आणि मान हलवली. ते खूश होते. मी त्यांना इतकं खूश क्वचितच बघितलंय.

धूळ दिसली. पुढं आबासाहेबांची गाडी, तिला चिकटून नानासाहेबांची. गाडीवान दोन्हीकडचे नवे, पोरसवदा, शिट्टीच्या जमान्यात तयार झालेले. मास्तरांनी हात बुडवला आणि पुढं केला. गाड्या झेंड्याला करकरत वळल्या आणि तशाच सुटल्या. कुणी लगाम ओढला नाही. मी ओरडलो, "अरे, पंजा, पंजा." माझा आवाज धुळीतच राहिला. मागचे जुने गाडीवान तरी थांबतील असं वाटलं, पण पुढचे थांबत नाहीत म्हटल्यावर त्यांच्याही हातांना इतक्या वर्षांची सवय आठवली. एकेक गाडी वाऱ्यासारखी निघून गेली. मास्तरांचा हात पुढंच होता. कावेचे थेंब नव्या सदऱ्यावर पडत होते. ते ओरडले नाहीत, गाडीमागं धावले नाहीत. पंचानं गाडीमागं धावायचं नसतं, असं ते पूर्वी म्हणायचे. मला त्यांच्याकडं बघवेना.

सगळ्यात शेवटी चिमणी आली. तोंडाला फेस, पण मान ताठ. झेंडा जवळ येताच इसाकनं लगाम घेतला आणि तिला अगदी पावलांवर आणलं, जशी पूर्वी सगळे आणत. ते दोन रविवार सोडले तर या वर्षांत त्याला कुणी पळूच दिलं नव्हतं, त्यामुळं नवी रीत त्याच्या हातांपर्यंत आलीच नव्हती.

"मारा, मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांनी फळीवर पंजा मारला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हात तिथं ठेवला असं मला वाटलं. मग म्हणाले, "जा." चिमणी गेली.

आम्ही पोहोचलो तेव्हा हलगी थांबलेली होती. गाड्या ओळीनं उभ्या होत्या, आणि सगळ्यांच्या मागच्या फळ्या कोऱ्या. फक्त टोकाच्या छकड्यावर लाल पंजा. आबासाहेबांची गाडी पहिली आली होती, नानासाहेबांची दुसरी. सारं मैदान मास्तरांची वाट बघत होतं.

आबासाहेब पुढं आले. ते आता थकले होते, केस पांढरे झाले होते.

"मास्तर, माजी गाडी वळली का?"

"वळली. समद्यांच्या म्होरं वळली."

"मग?"

"पंजा दाखवा."

आबासाहेबांनी फळीकडं बघितलं. "मागंबी हेच म्हणालतासा."

"आजबी त्येच म्हणतोय. माजा हात पोचला न्हाय, ती चूक माजी म्हणा. पर पंजा न्हाय म्हंजे न्हाय."

मला भीती वाटली, आता पुन्हा फुटणार, आणि यावेळी कायमचं. नानासाहेब बोलायला गेले आणि थांबले. याच न्यायानं त्यांनी उचगावचं निशाण घेतलं होतं, आता त्याविरुद्ध कोणत्या तोंडानं बोलणार? आबासाहेबांनी साडूकडं बघितलं, साडूच्या कोऱ्या फळीकडं बघितलं, आणि त्यांच्या मिशीत हसू आलं.

"ह्येचीबी कोरीच हाय की," ते म्हणाले. "मग माजी काय हरकत न्हाय. साडूच्या घरात जाण्यापरास टांग्यावर गेलेलं बरं. आणा निशाण इकडं."

नानासाहेबही हसले. निशाण दोघांनी मिळून धरलं, कारण एकट्यानं देऊ द्यायला दुसरा तयार नव्हता, आणि ते इसाकच्या हातात दिलं. इसाक चिमणीच्या मानेवर कपाळ टेकून उभा होता. निशाण घेऊन तो मास्तरांपाशी आला.

"मास्तर, मी तर शेवटी आलो वो."

"मला काय म्हाईत?" मास्तर म्हणाले. "मी वळणावर हुतो. मला दिसलं न्हाय."

त्या दिवशी मला मास्तर कळले. उचगावला ते आपल्या शब्दाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. पण ज्याचा कुणी वाली नाही अशा माणसाला शेवटी तेवढाच एक आधार असतो, सगळ्यांना सारखा दिसणारा. मोठ्यांचं काय, त्यांच्या बाजूनं बोलायला शब्द नेहमीच मिळतात.

पुढच्या हंगामात एकच पाटी उरली. नाव इतकं लांब झालं की कुणी ते पुरं वाचत नसे. मास्तर आणखी दोनचार वर्षं वळणावर उभे राहिले आणि गाड्या हळू होऊ लागल्या. मग ते शाळेतून निवृत्त झाले. मुलगा राधानगरीला धरणाच्या कामावर होता, त्याच्याकडं राहायला जायचं ठरलं. मला ते अजिबात रुचलं नव्हतं, पण मी कोण सांगणारा?

निघायच्या सकाळी इसाकनं टांगा दारात आणला. शर्यतीच्या छकड्याची ती फळी त्यानं काढून टांग्याच्या मागच्या बैठकीखाली ठोकली होती आणि वरून रोगण मारलं होतं. कुणी गिऱ्हाईकानं विचारलं, तर "त्यो पंजा हाय" एवढंच सांगायचा. वहिनी पुढं बसल्या, ट्रंक आणि तपेली मांडीशी घेऊन. मास्तर मागच्या बाजूला बसले, म्हणजे टांगा पुढं चालला तरी त्यांचं तोंड माझ्याकडंच. सदऱ्याच्या खिशावर जुना लाल डाग होता.

"येतो, कुलकर्णी," ते म्हणाले. "जन्मल्यापासनंचं शिकवत जावा."

टांगा निघाला. चिमणी म्हातारी झाली होती, पण चाल अजून सरळ होती. गल्लीच्या कोपऱ्यावर रस्ता मोकळाच होता, तरी इसाकनं तिला पावलांवर आणलं. मास्तरांनी हात वर केला. वर साडेचार बोटं, खाली फळीवर साडेचार बोटं. मग टांगा वळला.

त्यानंतरचं मास्तरांबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते सगळं ऐकीव आहे.